चक्की कोणती ते सांगतो, पण आधी मार्चचा दुसरा हप्ता थांबवा

ताईंचं पत्र थोडक्यात असं. राहणं इंदूरला सुदामानगरात, वय ४७. घरी भाजणी आणि नाचणीसत्त्व करून ओळखीत विकतात, महिन्याला साधारण ४० किलो. यजमान ५२ वर्षांचे, खासगी कंपनीत, हातात ३८,००० येतात. मुलगा अकरावीत आहे. दळणासाठी दरवेळी बाहेर जावं लागतं म्हणून चक्की घ्यायची आहे. समोर तीन पर्याय आहेत: २२,००० ची एक एचपीची घरघंटी, ५ एचपी मोटर आणि चाळणीसकट १,४०,००० ची दगडाची चक्की, किंवा भाच्याने ऑनलाइन शोधलेली १५,००० ची दोन रोलरची ‘माल्ट मिल’. चक्की आली की विक्री ३०० किलोवर न्यायचा विचार आहे. माहेरच्या घराच्या वाट्याचे ६ लाख गेल्या मार्चमध्ये मिळाले. त्यातले दीड लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून ‘एफडीपेक्षा चांगल्या’ योजनेत गेले, उरलेल्या साडेचार लाखांची एफडी केली. पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंय: ‘त्या योजनेवर कर्ज मिळतं म्हणे, ते काढून चक्की घेऊ का? परवा मार्चच्या दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला, तो चुकून आला असणार, मी तर एकदाच भरलेत.’ सोबत पॉलिसीच्या बाँडच्या दोन पानांचे फोटो आहेत.

ताई, तो मेसेज चुकून आलेला नाही. तुमच्या बाँडवरच छापलंय: हप्ता १,५०,०००, वार्षिक, १० वर्षं, मुदत १५ वर्षं, मुदतीअखेर २४ लाख. म्हणजे तुम्ही एफडीसारखी काही ठेव ठेवलेली नाही, आयुर्विमा पॉलिसी घेतली आहे आणि तिचे आणखी नऊ हप्ते बाकी आहेत, एकूण साडेतेरा लाख. तुमच्या घरात वर्षाला साडेचार लाख येतात. त्यातला तिसरा हिस्सा दरवर्षी या पॉलिसीत जायला हवा, आणि तेही मुलगा कॉलेजला जाणार त्याच वर्षांत. ज्याने ही पॉलिसी तुमच्या गळ्यात घातली त्याला तुमच्या खात्यातला पगार दिसत होता. माहेरचे पैसे घेऊन आलेल्या बाईला ‘एकदाच भरायचे’ असं सांगून दहा वर्षांचा हप्ता लावणं ही फसवणूक आहे, आणि तिला तेच नाव देऊन तक्रार करायची.

मिळणार काय, तेही पाहू. दहा वर्षांत १५ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी २४ लाख घ्यायचे. ऐकायला नऊ लाखांचा फायदा वाटतो, पण पहिला हप्ता पंधरा वर्षं अडकतो. हिशेब केला तर परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. हेच हप्ते, याच तारखांना, पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी धरले तर सुमारे ३१ लाख होतात. आता आणखी कडक हिशेब करू. भरलेले दीड लाख पूर्ण बुडाले असं समजा आणि फक्त पुढचे नऊ हप्ते पीपीएफकडे वळवा. तरी सुमारे २७ लाख होतात, म्हणजे पॉलिसीच्या २४ पेक्षा तीन लाख जास्त. ‘दीड लाख वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे भरत राहा’ असं जो सांगेल त्याला हे आकडे दाखवा.

कर्जाचं म्हणाल तर पॉलिसीवरचं कर्ज सरेंडर किमतीच्या (म्हणजे पॉलिसी मधेच सोडली तर हातात येणाऱ्या रकमेच्या) आधारावर मिळतं, आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत तुमच्या पॉलिसीला सरेंडर किंमतच नाही. तेव्हा या पॉलिसीतून चक्कीचा एक नटसुद्धा येणार नाही.

आता काय करायचं ते नीट वाचा. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, पण ती मुदत केव्हाच गेली. उरतो तक्रारीचा रस्ता, आणि तो लेखीच चालतो. बँकेत जाऊन साहेबांशी बोलू नका. ते गोड बोलून तुम्हाला मार्चपर्यंत नेतील. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि बँकेच्या शाखेला पत्राची प्रत देऊन पोच घ्या. मजकूर चार ओळींचा पुरे: एकरकमी ठेव म्हणून विकली, दरवर्षी हप्ता आहे हे सांगितलं नाही, आमचं उत्पन्न इतकं आहे, पॉलिसी रद्द करून पूर्ण रक्कम परत करा. त्याच पत्रात दोन गोष्टी मागा: प्रस्ताव अर्जाची प्रत आणि पॉलिसी देण्याआधी तुम्हाला आलेल्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंग. अर्जात तुमचं वार्षिक उत्पन्न आणि व्यवसाय काय लिहिलाय ते आधी बघा. अशा प्रकरणांत गृहिणीच्या नावापुढे भलताच आकडा टाकलेला सापडतो, आणि तोच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो. कॉलमध्ये तुम्ही सगळ्याला ‘हो’ म्हटलं असेल तरी घाबरू नका, पण काय म्हटलं होतं हे तक्रार करण्याआधी आठवून लिहून ठेवा.

हीच तक्रार विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही टाका. फोनवर मदत हवी तर १५५२५५. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जायचं. मध्य प्रदेशचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तिथे जावं लागतं. तुम्ही उद्याच सुरुवात केलीत तर मार्चच्या आत निदान कंपनीचं उत्तर तरी हातात असेल.

आणि तोपर्यंत बँकेतली ऑटो-डेबिटची परवानगी लेखी अर्ज देऊन रद्द करा. हे आजच करा. नाहीतर मार्चमध्ये पैसे आपोआप कापले जातील, आणि ‘मग दुसरा हप्ता भरलात कसा?’ हा प्रश्न कंपनी पहिला विचारेल.

तक्रार फसलीच, तरी हप्ता भरायचा नाही. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेल्या पॉलिसीला पहिलं वर्ष संपल्यावर विशेष सरेंडर किंमत लागू होते. ती नेमकी किती आणि पैसे कधी मिळणार, हे कंपनीकडून लेखी मागवा. मिळेल ते दीड लाखांपेक्षा बरंच कमी असेल, हे धरून चाला.

आणखी एक गोष्ट. ही पॉलिसी तुमच्या आयुष्यावर आहे, आणि घर यजमानांच्या पगारावर चालतं. त्यांच्यावर ऑफिसच्या ग्रुप विम्याशिवाय काहीच नाही, असं तुम्हीच लिहिलंय. नोकरी सुटली की तो विमाही सुटतो. यजमानांच्या नावाने साठ-बासष्ट वर्षांपर्यंतचा ५० लाखांचा साधा टर्म विमा घ्या. मुदतीत काही बरंवाईट झालं तरच त्यात पैसे मिळतात, एरवी परत काही मिळत नाही, म्हणूनच तो स्वस्त असतो. या वयातही त्याचा हप्ता दीड लाखाच्या जवळपास जात नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही लागत नाही. प्रकृतीची माहिती अर्जात खरी द्या, बीपीची गोळीसुद्धा लपवू नका. एफडीतले दोन लाख अडीअडचणीसाठी वेगळे ठेवा, बाकीचे मुलाच्या प्रवेशासाठी. त्या साडेचार लाखांत १,४०,००० च्या चक्कीला जागा नाही.

आता चक्की. भाच्याची माल्ट मिल यादीतून काढून टाका. ते यंत्र बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं बार्ली, म्हणजे माल्ट, फोडायला असतं. दोन रोलरमधली फट साधारण एक मिलिमीटर ठेवतात, म्हणजे दाणा आतून फुटतो पण टरफल अखंड राहतं. पुढे रस गाळताना त्या टरफलांचाच थर चाळणीचं काम करतो. तिथे पीठ झालं तर रस तुंबतो, म्हणजे ते यंत्र पीठ होऊ नये म्हणूनच बनवलेलं आहे. तुम्हाला तर पीठच हवंय. नाचणीचा दाणा दीड मिलिमीटरच्या आसपास, तो त्या फटीतून नुसता चेपून खाली येईल. फट पार कमी केली तर दाणा रोलरवर घसरत राहतो, आत ओढलाच जात नाही. नाव माल्टचं असलं तरी काम वेगळं आहे. (घरी बिअर करायला मध्य प्रदेशात परवाना लागतो, त्यामुळे त्याही वाटेला कोणी जाऊ नये.)

दगडाची चक्की चांगलीच असते, पण तुमच्यासाठी नाही. ५ एचपीची चक्की तासाला पन्नास-साठ किलो सहज दळते, म्हणजे तुमचं महिन्याचं दळण पाऊण तासात संपेल आणि उरलेला महिना १,४०,००० रुपये कोपऱ्यात उभे राहतील. दगडांत आणि तोंडाशी पीठ अडकून राहतं, म्हणून भाजणीनंतर सत्त्व दळायचं तर पहिलं दळण बाजूला काढावं लागतं. नव्या दगडाची कच पडते, सुरुवातीचे पाच-दहा किलो फेकावे लागतात. वेळच्या वेळी दगडाला टाकी लावणारा, म्हणजे छिन्नीने तो पुन्हा खरखरीत करणारा, माणूस शोधावा लागतो, आणि चक्की रिकामी फिरली की दगडावर दगड घासून पिठात खर येते. वर थ्री-फेज जोडणीचा खर्च वेगळाच.

आणि ३०० किलोंचं काय? तुमचं काम दळणात अडलेलं नाही, भाजण्यात अडलंय. कढईत एका वेळी दोन किलो धान्य नीट भाजायला वीस मिनिटं धरा. ३०० किलोंना १५० घाणे, म्हणजे पन्नास तास गॅससमोर उभं राहायचं. त्यात नाचणी भिजवणं, मोड आणणं, वाळवणं, मोडांची मुळं चोळून पाखडणं हे धरलेलंच नाही. आणि ती घेणारी माणसं कुठे आहेत? चक्की आल्याने गिऱ्हाईक येत नाही.

घरघंटीचा हिशेब असा. तुम्ही बाहेर किलोला ८ रुपये देता, ४० किलोंचे ३२०. घरी विजेचा खर्च किलोला रुपया-सव्वा रुपया धरला तर महिन्याला वाचतात २७०-२८०. बावीस हजार वसूल व्हायला साडेसहा वर्षं लागतील. तेव्हा बचत होईल म्हणून घेत असाल तर घेऊ नका. पण बाहेरच्या चक्कीवर तुमच्या आधी कोणाचा गहू, कोणाचं बेसन दळलेलं असतं, आणि तुमचं सत्त्व लहान बाळांच्या पोटात जातं. या एका कारणासाठी घरघंटी घेणं मला पटतं. किलोमागे तुम्हाला ७५ रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला ३,०००. त्यातले निम्मे बाजूला टाकले तर सव्वा वर्षात यंत्राचे पैसे जमतात. कर्ज काढायला नको, एफडी मोडायला नको. (पॉलिसीचा हप्ता महिन्याला साडेबारा हजार पडतो, तुमची सगळी कमाई त्याच्या पावपटही नाही.)

घेताना आतली पीठ दळण्याची पेटी आणि जाळ्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत ना ते बघा, आणि जादा जाळ्या इंदुरात सुट्या मिळतात का ते दुकानातच विचारा. खडा गेला की जाळी फाटते, आणि ती आठवड्याने येणार असेल तर ऑर्डर जाते. वॉरंटीच्या कागदावर ‘फक्त घरगुती वापर’ लिहिलंय का ते वाचा. गहू तासाला सात-आठ किलो दळला जाईल, पण सत्त्वासाठी बारीक जाळी लावली की वेग निम्म्यावर येतो, हे आधीच धरा.

घरघंटीच्या तक्रारी येतात त्या बहुतेक ओलाव्याच्या. मोड आलेली नाचणी वरून सुकलेली वाटते, पण आत ओल असते. दाणा दाताखाली कट्‌कन फुटायला हवा, चेपला तर आणखी एक दिवस वाळवा. भाजणीचं धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय आत टाकू नका. गरम दाण्याची वाफ पेटीत धरते, जाळीची भोकं लेपासारखी बुजतात, मोटर तापून बंद पडते, आणि मग कंपनीच्या नावाने खडे फोडले जातात. तीळ, शेंगदाणे, हळकुंड घरघंटीत घालायचं नाही. धणे-जिरे धान्यात मिसळूनच घाला. आधी सत्त्व, मग भाजणी असा क्रम ठेवा, शेवटी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून ब्रशने साफ करा, कापडी पिशवी झटका. पीठ परातीत पसरून गार झाल्यावरच पाकिटात भरा, नाहीतर आत घाम सुटून गुठळ्या होतात. बाजरी भाजणीत असेल तर ती चांगली भाजलेलीच हवी. कच्च्या बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं.

विक्री चालू आहे म्हणजे एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवीच. छोट्या उत्पादकाला फी वर्षाला १०० रुपये आहे, ती आधी करा. घरच्या मीटरवर धंद्यासाठी यंत्र चालवण्याआधी वीज कंपनीच्या झोन कार्यालयात लेखी विचारा. वापर अनधिकृत ठरला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने, बारा महिन्यांपर्यंतची वसुली होऊ शकते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के अनुदान असतं, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. रोखीने यंत्र घेतल्यावर मागून मिळत नाही. १,४०,००० वर ४९,००० मिळतील म्हणून न लागणाऱ्या चक्कीचं ९१,००० चं ओझं घेऊ नका. पुढे खरोखर महिन्याला दीडशे किलो जायला लागले, तर आधी भाजायचं यंत्र बघा आणि तेव्हा ही योजना चालू आहे का, याची जिल्ह्याच्या उद्यानिकी कार्यालयात चौकशी करा.