बाई, आज नुसती गोष्ट आहे ना?

मागच्या अंकात मुलांना गोष्ट वाचून दाखवण्याविषयी ओझरता उल्लेख केला होता, त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी बहुतेक पुण्याची आहेत. म्हणून या वेळचे सदर याच एका विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे थोडक्यात छापत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. अक्षरे जुळवत ती आता मराठी पुस्तक स्वतः वाचू लागली आहे. ‘येत असूनही तूच वाचून दाखवलेस तर ती आळशी होईल,’ असे सासूबाई म्हणतात. मुलगी मात्र रोज रात्री पुस्तक घेऊन माझ्या कुशीत येते. वाचून दाखवणे बंद करावे का? — एक आई, बिबवेवाडी

उत्तर : बंद करू नका. सासूबाईंची काळजी खोटी नाही, परंतु मुलीचे स्वतः वाचणे आणि तुमचे वाचून दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एकामुळे दुसरे मागे पडत नाही. दुसरीतल्या मुलाचे डोळे अजून अक्षरांशी झुंजत असतात. एखादे जोडाक्षर फोडण्यात त्याची इतकी शक्ती खर्च होते की वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते. कानाचे तसे नसते. जी गोष्ट स्वतः वाचायला तुमच्या मुलीला अजून दोन-तीन वर्षे लागतील, ती ऐकून तिला आजच कळते, आणि पुस्तकात असे काही दडलेले आहे हे ठाऊक झाल्याखेरीज कोणतेही मूल अक्षरांची चढण चढत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१४ साली आपल्या सदस्य डॉक्टरांना सांगितले की, बाळ तान्हे असल्यापासून त्याला वाचून दाखवा, असा सल्ला पालकांना द्यावा. तेव्हा दुसरी इयत्ता हे थांबण्याचे ठिकाण नव्हे.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी आणखी एक कारण आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. ‘चार बैलांना चारा घातला’ हे वाक्य मुलीला वाचायला द्या. ‘चार’ मधला च वेगळा, ‘चारा’ मधला वेगळा. परंतु आपल्या लिपीत दोघांना अक्षर एकच आहे आणि कोणता उच्चार कुठे करायचा हे छापील पान सांगत नाही. ‘जग’ आणि ‘जगणे’, ‘झेप’ आणि ‘झरा’ यांचेही तसेच. हे नियम पाठ करून येत नाहीत, कोणाच्या तरी तोंडून शेकडो वेळा ऐकून येतात. वाक्यांचेही तेच. ‘डबा घे’, ‘हात धू’, ‘रिक्षावाले काका आले’ एवढ्यावर घरातले मराठी दिवसभर चालते. ‘निदान’, ‘तरीसुद्धा’, ‘जसजसे-तसतसे’, ‘न जाणो’ ही मंडळी घरात फारशी फिरकत नाहीत, ती पुस्तकात राहतात. आपण बोलताना ‘गेलं’, ‘केलं’ म्हणतो आणि पुस्तकात ‘गेले’, ‘केले’ असते, हा फरकही तुमच्या आवाजातून तिच्या कानावर पडला, तर पुढे शाळेतले मराठीचे पुस्तक तिला परके वाटणार नाही.

व्यवहारात एवढेच करा की तिच्या वाचनाची वेळ संध्याकाळची ठेवा, पाच मिनिटे पुरेत. रात्रीचे पुस्तक तुमचे. त्यात ‘हा शब्द कोणता, सांग बरे’ असे विचारू नका. तिला आपणहून एखादे पान वाचावेसे वाटले तर वाचू द्यावे आणि पुढचे पान आपण वाचावे.

प्रश्न : मी हडपसर भागातील एका शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात ४१ मुले आहेत. काहींच्या घरी हिंदी, काहींच्या घरी कानडी, दोघींच्या घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलतात. पुस्तकाची एकच प्रत असते. मी गोष्ट वाचू लागले की पहिल्या दोन रांगा ऐकतात आणि मागे गोंधळ सुरू होतो. शेवटी प्रश्न विचारले तर उत्तरे येत नाहीत. वेळ वाया जातो आहे असे वाटते. — एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचे पत्र वाचताना मला माझाच वर्ग दिसला. मीही पुष्कळ वर्षे गोष्ट संपताच ‘तात्पर्य काय?’ असे विचारत असे. एकदा मी पुस्तक उघडले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारले, “बाई, यात तात्पर्य आहे की आज नुसती गोष्ट आहे?” नुसती गोष्ट आहे, असे म्हणताच त्याने पाठ भिंतीला टेकवली आणि पाय पसरले. तो ऐकत नव्हता असे मला वर्षभर वाटत होते. वास्तविक तो शेवटी येणाऱ्या प्रश्नाची वाट पाहत बसत असे. त्या दिवसापासून मी प्रश्न सोडले, आणि दुसऱ्या दिवशी मुले आपणहून गोष्टीविषयी बोलू लागली.

गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या वर्गावर जातो, तेव्हा पहिल्या दिवशी त्याने योजलेला शांततेचा खेळ पार फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो आणि तोच वर्ग गप्प होतो. गोष्ट हे अभ्यासानंतर द्यायचे बक्षीस आहे असे त्याने मानले नाही, हे मला त्यात घेण्यासारखे वाटते. त्याच न्यायाने ‘गोंधळ केलात तर गोष्ट बंद’ अशी शिक्षाही कधी करू नका. खिचडी उशिरा आली म्हणून आपण गणिताचा तास रद्द करत नाही, मग गोष्टीचाच बळी का द्यावा?

आता मागच्या रांगांचे. शक्य असेल तर बाके सोडून मुलांना सतरंजीवर दाटीवाटीने बसवा, कारण ४१ मुलांची खोली आवाजाला लांब पडते. चित्र असेल तर वाचण्याआधी पुस्तक सर्व रांगांतून फिरवून आणा. वाचता वाचता दाखवू लागलात की मागची मुले माना उंचावून उठणारच. आवाज चढवू नका. आपला चढला की वर्गाचाही चढतो, आणि हळू झाला की मुले ऐकण्यासाठी पुढे सरकतात. आदल्या दिवशी घरी तीच गोष्ट एकदा मोठ्याने वाचून पाहा आणि कुठे थांबायचे तिथे पेन्सिलीने खूण करा. उंबरठ्यावर पाऊल पडले, दार करकरले, की पुस्तक मिटायचे. मधल्या सुट्टीनंतरची दहा मिनिटे मला नेहमी सोयीची वाटली; मुले धापा टाकत आलेली असतात, त्यांना बसायचेच असते.

कानडी आणि गोरमाटी बोलणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक शब्दाला थांबू नका, त्याने गोष्टीचा धागा तुटतो. अडेल तो शब्द हाताने, चेहऱ्याने दाखवून पुढे जा आणि तीच गोष्ट दोन दिवसांनी पुन्हा वाचा. मग एखाद्या मुलीला ती तिच्या घरच्या भाषेत वर्गाला सांगू द्या. बाकीच्यांना गोष्ट ठाऊक असल्यामुळे त्यांनाही ती भाषा थोडी थोडी कळते, आणि त्या मुलीचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा असतो.

पुस्तकांविषयी मुख्याध्यापकांकडे आग्रह धरा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट लिहिलेले आहे. शिवाय आपल्या सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे. गेला महिनाभर त्याला रोज चिमणी-कावळ्याचीच गोष्ट हवी असते. मी कंटाळून मधला भाग गाळला, तर लगेच पकडतो. काय करावे? — एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, त्याने आपल्याला पकडले, म्हणजे त्याला गोष्ट शब्दन् शब्द पाठ झाली आहे, याहून चांगली प्रगती चार वर्षांच्या मुलाकडून काय अपेक्षावी? मेणाचे घर, शेणाचे घर, ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे’ हे सारे पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळेच त्याला गोड लागते. दिवसभर मोठी माणसे त्याला न विचारता सगळे ठरवत असतात. इथे पुढचे त्याला आपल्याआधी माहीत असते. गाळू नका, त्याऐवजी थांबा. “चिऊताई, चिऊताई...” एवढे म्हणून गप्प बसा आणि कावळ्याचे काम त्याला करू द्या. आठवड्याभरात निम्मी गोष्ट तोच सांगू लागेल, आणि आपला घसाही वाचेल.

प्रश्न : हिंजवडीहून धायरीला घरी पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. मुले सात आणि दहा वर्षांची आहेत. मोबाइलवर गोष्टी लावून दिल्या तर चालेल का? — एक बाबा

उत्तर : गाडीतून गावी जाताना अवश्य लावा. अंथरुणात मात्र मोबाइलची अडचण अशी की, मुलाने ‘म्हणजे काय?’ विचारले तर तो थांबत नाही. रोज जमत नसेल तर बुधवार आणि रविवार ठरवा. कधीतरी जमेल तेव्हापेक्षा ठरलेले दोन वार मुलांना जास्त विश्वासाचे वाटतात. दहा वर्षांच्या मुलासाठी लांब पुस्तक हप्त्याहप्त्याने वाचा, धाकटे शेजारी पडून ऐकेल आणि जेवढे कळेल तेवढे घेईल. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ मध्ये प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे, एका रात्री एक आठवण. ती मोजणी घरात आजही उपयोगी पडते. स्वतः दमला असाल तर चार पानेच वाचा. वाचता वाचता बाबांनाच डुलकी लागली, ही मुलांच्या दृष्टीने मोठी गंमत असते.

प्रश्न : पुस्तक कसे निवडावे? अप्पा बळवंत चौकात गेले की गोंधळायला होते. — एक आई, कर्वेनगर

उत्तर : मुखपृष्ठावरचे वय आणि किंमत बाजूला ठेवा. दुकानातच एक परिच्छेद हळू आवाजात वाचून पाहा. जीभ अडखळली, वाक्य श्वासात मावले नाही, तर ते पुस्तक वाचून दाखवण्यासाठी नव्हे. मुलाला सोबत न्या. उभ्या उभ्या पहिले पान त्याला वाचून दाखवा, आणि पान उलटायला तो आपणहून हात पुढे करतो का, एवढे पाहा.