पूल उघडेपर्यंत

शिकागो, डिसेंबर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. दर शनिवारी हिवाळ्यात बोटी ठेवतात त्या यार्डात जातोस, जॅकस्टँडवर, म्हणजे बोट जमिनीवर तोलून धरणाऱ्या टेकूंवर, उभ्या असलेल्या बोटीभोवती दोन फेऱ्या मारतोस आणि घरी येऊन दुसऱ्याच बोटींच्या जाहिराती बघत बसतोस. पहिली बोट घेतल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात हे बहुतेकांचं होतं. त्यात इथे साडेचारच्या आत सूर्य बुडतो, म्हणून ते फार मनाला लावून घेऊ नकोस. पण शेवटी तू जे लिहिलं आहेस, की एप्रिलमधला पहिला ऊबदार रविवार आला की बोट पाण्यात, त्यावर मला बोलायचं आहे. आधी बोटीचं सांगते, मग त्या रविवारचं.

यार्डवाल्यांनी सगळं केलं असेल असं समजू नकोस, विचारून घे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि त्यापुढे लोखंडाचं काही चालत नाही. इंजिनच्या थंडाव्यासाठी मिशिगन तळ्याचं पाणी ज्या वाटेनं फिरतं, त्या वाटेत गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, गेलंय का? संडासाचा पंप, सिंकची नळी, पिण्याच्या पाण्याची टाकी? गुलाबीच हवं, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. मोटारीत घालतात ते हिरवं बहुतेक वेळा विषारी असतं, ते पिण्याच्या नळ्यांत जाता कामा नये. ३० जानेवारी २०१९ ला ओ'हेअर विमानतळावर पारा उणे ३० सेल्सिअसच्या आसपास उतरला होता, म्हणून आपली बोट साधारण थंडीसाठी नाही, त्या एका रात्रीसाठी बांधून ठेवायची असते. बॅटऱ्या पूर्ण चार्ज केलेल्या असतील तर उणे पन्नासलाही गोठत नाहीत, पण उतरलेली बॅटरी शून्याखाली काही अंशांवरच गोठते आणि फुटते. मी तर सरळ घरी आणते.

आणखी एक, आणि हे ताबडतोब बघून ये. ताडपत्रीच्या दोऱ्या जॅकस्टँडला बांधलेल्या असतील तर सोड. वाऱ्यानं ताडपत्री फडफडली की स्टँड हलतो, हलता हलता सरकतो, आणि मग बोट आडवी. दोरी बोटीच्या पोटाखालून घेऊन दुसऱ्या बाजूला बांध. तुझी शनिवारची फेरी सत्कारणी लागेल.

आता बेसमेंट. तुला वाटतंय की बोटीचं काम यार्डात असतं. जानेवारीत यार्डात फायबरग्लासला हात लावण्यात अर्थ नाही. फायबरग्लास जोडायची बहुतेक इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी राळ, दहा अंशांच्या खाली नीट धरतच नाही. ती कामं मेमध्येच. उलट जी कामं घरात होतात ती मेमध्ये होत नाहीत, कारण तेव्हा सगळ्यांनाच सगळं एकदम करायचं असतं. सुकाणूचा दांडा आणि केबिनच्या दाराच्या फळ्या घरी घेऊन ये. घास, व्हार्निश लाव, वाळू दे, बारीक पॉलिशपेपरनं पुन्हा घास, पुन्हा लाव. सहा-सात हात द्यावे लागतात आणि प्रत्येक हाताला पूर्ण दिवस वाळायला लागतो. सीझनमध्ये इतके दिवस लागोपाठ कोणाकडे असतात?

शिडं पिशवीत तशीच कोंबून ठेवली असशील (खोटं बोलू नकोस). ती जमिनीवर पसर. कापड सहसा टिकतं, आधी मरतो तो शिवणीचा दोरा, कारण ऊन त्याला खातं. नखानं टाका ओढून बघ. सहज तुटला तर ती पूर्ण शिवण पुन्हा घालायची. पुढच्या शिडाची जी कड गुंडाळल्यावर बाहेर राहते, तिथे विशेष बघ. मोठं काम असेल तर शीड शिवणाऱ्याकडे आत्ताच टाक. जानेवारीत तो तुझ्याशी चहा पीत बोलेल, एप्रिलमध्ये फोनही उचलणार नाही. दोर उशीच्या अभ्र्यात घालून वॉशिंग मशिनमध्ये टाक, सौम्य साबण, गार पाणी. घरच्यांना आधी सांग. नंतर दोराच्या टोकांना दोरा गुंडाळून पक्कं कर आणि दुहेरी विणीच्या दोराला डोळा, म्हणजे टोकाशी विणलेला पक्का फासा, घालायला शीक. दोन-चार दोर वाया जातील, जाऊ देत.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल विचारलं होतंस. यावर्षी काही घेऊ नकोस. बोट शोमध्ये हिंड, ब्रोशर घे, घरी ये. तिथे घ्यायचंच असेल तर पाण्याखालच्या धातूला गंजापासून वाचवणारा अॅनोड घे, आणि तो मॅग्नेशियमचा माग. दुकानदार सवयीनं जस्ताचा पुढे करेल; तो समुद्रासाठी ठीक, गोड्या पाण्यात त्याच्यावर थर चढतो आणि तो काम करायचा थांबतो.

माझं माहेर हर्णैचं, तुला माहीत आहे. जून लागला की तिथे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. ते दोन महिने कोणी समुद्राकडे बघत उसासे टाकत नाही. जाळी दुरुस्त होतात, इंजिनं खोलली जातात, फळ्यांच्या फटी भरल्या जातात. आणि तुझ्यासाठी महत्त्वाचं ते पुढे आहे: १ ऑगस्टला बंदी उठते, पण समुद्र अजून खवळलेला दिसला तर जुनी माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत होडी लोटत नाहीत. सरकारनं परवानगी दिली म्हणून पाण्यानं दिली असं ते धरून चालत नाहीत.

कमांडर दिलीप दोंदे एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये परतले. नऊ महिने. पण त्या मोहिमेची तयारी २००६ पासून चालली होती, आणि त्यांची बोट 'म्हादेई' गोव्यात बांधली जात असताना ते स्वतः त्यात गुंतलेले होते. मोठ्या माणसांची उदाहरणं तरुणांच्या डोक्यावर मारू नयेत हे मला कळतं. तरी नऊ महिन्यांच्या आधीची ती तीन वर्षं मला भुरळ घालतात.

आता तो रविवार.

पहिलं म्हणजे तुझा रविवार पुलांनाच मान्य नाही. तुझी बोट नदीकाठच्या यार्डात डोलकाठीसकट उभी आहे. वसंतात शहरातले पूल शिडाच्या बोटींसाठी उचलतात ते ठरवून, बुधवारी आणि शनिवारी, आणि बोटी जथ्यानं तळ्याकडे जातात. तळ्यावरची हार्बरं चालू असतात ती १ मे ते ३१ ऑक्टोबर. तेव्हा एप्रिलमधल्या तुझ्या एकट्याच्या स्वारीला शहर आडवं येईल. पण मे लागला आणि पूल उघडले म्हणजे झालं, असंही नाही.

मेच्या सुरुवातीला हवा वीस अंशांवर जाते, लोक टी-शर्टवर येतात, आणि तळ्याचं पाणी अजून दहाच्या खाली असतं. कारण साधं आहे. गोडं पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. हिवाळ्यात त्याहून थंड झालेलं वरचं पाणी जरा तापलं की जड होऊन खाली जातं आणि खालचं गार वर येतं. ही उलथापालथ संपल्याशिवाय वरचा थर ऊब धरत नाही, आणि मिशिगन तळं कुठे कुठे २८० मीटर खोल आहे. किनाऱ्याजवळ आधी तापतं, आत जाशील तसं गार. त्या गार पाण्यावर दक्षिणेची दमट हवा आली की बघता बघता धुकं उतरतं. शहर दिसत होतं, आता दिसत नाही.

अशा पाण्यात माणूस पडला तर काय होतं, ते मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिझब्रेख्त यांनी एका सूत्रात बसवलंय: १-१०-१. पहिलं एक मिनिट श्वासाचं. पडताक्षणी जोरात हबका बसतो, तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच खेळ संपतो. पुढची दहा मिनिटं हातापायांची. त्यानंतर बोटं ऐकत नाहीत, दोर धरवत नाही, शिडी चढवत नाही, रेडिओचं बटण दाबवत नाही. शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो, म्हणजे थंडीनं मरायला माणसाकडे खरं तर वेळ असतो. बहुतेक त्याआधीच बुडतात, कारण लाइफजॅकेट केबिनमध्ये ठेवलेलं असतं.

म्हणून मेमध्ये कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे. जॅकेट धक्क्यावरच अंगात. छोटा व्हीएचएफ रेडिओ बोटीला नाही, तुझ्या अंगाला बांधलेला, मदत मागायच्या १६ नंबर चॅनेलवर. आणि हा शोध हिवाळ्यातच लाव: तुझ्या बोटीची शिडी पाण्यात पडलेल्या माणसाला खालून ओढता येते का? बऱ्याच बोटींवर ती वरून अडकवलेली असते. यार्डात जमिनीवर उभा राहून हात वर करून बघ, मग लक्षात येईल. तिला दोरीचं एक लूप जोड, पाच मिनिटांचं काम.

अगदीच राहवत नसेल तर विस्कॉन्सिनला जा. बर्फ कडक आणि वर भुरभुर नसेल तर मेंडोटा तळ्यावर आइसबोटी, म्हणजे पात्यांवर बर्फावरून घसरणाऱ्या शिडाच्या बोटी, धावतात. डीएन नावाचा वर्ग बघ, १९३७ मध्ये डेट्रॉइट न्यूज या वर्तमानपत्राच्या कार्यशाळेत आराखडा झाला, बारा फुटांची फळी आणि साठ चौरस फुटांचं शीड, आणि वाऱ्याच्या कितीतरी पट वेगानं जाते. मला ते वेडेपणाचं वाटतं, पण मजा येते. एकटा बर्फावर उतरू नकोस, क्लबच्या लोकांना विचार, बर्फ फुटून पाण्यात पडलास तर वर यायला गळ्यात बर्फात रोवायचे खिळे हवेतच.

नवी बोट शोधणं बंद कर. आहे तिची आधी एक पूर्ण यादी कर, काय काय तुटलंय आणि काय काय तुला कळत नाही याची. दुसरी यादी लांब निघेल. कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचे, म्हणजे तटरक्षक दलाच्या स्वयंसेवकांचे, वर्ग चौकशी करून लाव, पाण्यावरचे नियम आणि बोटींचे दिवे तिथे नीट समजतात.

पुढच्या शनिवारी यार्डातून परस्पर इकडे ये. पुढचं शीड घेऊन ये, माझं मशीन जाड कापड शिवतं, दोरा मी आणून ठेवते. आमच्या चिरंजीवांचा ड्रायसूट, पाणी आत न येऊ देणारा पोशाख, कपाटात पडून आहे. तू त्याच्याएवढाच आहेस, घालून बघ. मनगटाचं रबर फाटलं असेल तर ते बदलून मिळतं. जेवायलाच ये, पिठलं-भात करते.

तुझी,
मावशी