सूर्यास्ताचे फोटो बरे येतात, मग चेन्नईच्या किनाऱ्यावर सूर्योदयाचे का फसतात?

तुम्ही मूळचे रत्नागिरीचे, नोकरीसाठी चेन्नईत आलात, साधा डीएसएलआर आणि १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी) आहे. पहाटेच्या फोटोत एक तर आकाश पांढरंफटक येतं किंवा वाळू काळीकुट्ट. म्हणून दूरचं जवळ आणणारी मोठी लेन्स घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ, निदान आत्ता तरी.

रत्नागिरी वाचल्यावरच अर्धं उत्तर सुचलं. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, उगवतो तो डोंगराआडून. त्यामुळे आपला हात सूर्यास्तावर बसलेला असतो आणि इथे आल्यावर आपण तोच उलटा चालवायला बघतो. मीही पुण्याहून इथे आल्यावर पहिलं वर्षभर हेच केलं.

सूर्यास्ताला सूर्य तासभर आधीपासून दिसत असतो. कुठे टेकणार याचा अंदाज येतो, तोवर आपण होडी शोधून जागा धरतो. पहाटे मात्र अंधारात ठरवायचं असतं. बेसंट नगरच्या किनाऱ्यावर कार्ल श्मिट या डॅनिश खलाशाचं पांढरं स्मारक आहे ना, त्याच्या कमानीत सूर्य धरायचा म्हणून मी डिसेंबरात ट्रायपॉड लावून बसलो. जागा ठरवली होती कुणाच्या तरी जूनमधल्या फोटोवरून. सूर्य आला तो पार उजवीकडे. चेन्नईत जूनमध्ये तो पूर्वेच्या सुमारे २४ अंश डावीकडे, म्हणजे उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. हात ताठ समोर धरला तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते, म्हणजे वर्षभरात जवळपास पाच मुठींचा फरक! यासाठी ॲपं आहेत, पण सोपा उपाय म्हणजे आदल्या दिवशी कॅमेरा न घेता जायचं आणि कुठून उगवतो ते बघून ठेवायचं. एका दिवसात तो फारसा सरकत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि तुमचं आकाश पांढरं होतं ते इथेच. संध्याकाळी उजेड उतरत जातो, सेटिंग जुनं राहिलं तर फोटो थोडा काळवंडतो, पण निभावतं. पहाटे उजेड मिनिटामिनिटाला चढतो. पाच मिनिटांपूर्वी नेमकं असलेलं एक्सपोजर (कॅमेऱ्यात घेतलेला उजेड) आता आकाश जाळून टाकतं, म्हणजे पांढरंफटक करतं. म्हणून सुरुवातीला पूर्ण मॅन्युअलच्या भानगडीत पडू नका. ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं भोक आपण ठरवायचं, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो), भोक एफ/८, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १००, आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे १, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्यापेक्षा फोटो थोडा काळा. दर दोन-तीन फोटोंनंतर स्क्रीनवर जळालेले भाग लुकलुकतात का ते बघायचं. लुकलुकले तर आणखी खाली. सूर्याचा गोळा जळणारच, तो सोडून द्या; त्याच्या भोवतालचं आकाश शाबूत हवं. फोटो रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये. काळी वाळू नंतर बऱ्यापैकी उजळता येते, पण पांढऱ्याफटक आकाशात रंग परत आणता येत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा शहाणपणा करून केशरी रंग धुऊन टाकू शकतो, तेव्हा डेलाइटवर ठेवा.

आता लेन्स. आकाशात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश. १८ मिलिमीटरवर, म्हणजे लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला, तो मोहरीएवढा दिसणारच, त्यात तुमची चूक काहीच नाही. मोठ्या लेन्सने त्याचं लिंबू होईल, पण नुसत्या लिंबाचा फोटो कोण किती वेळ बघणार? मोहरीच राहू द्या आणि पुढ्यात काहीतरी ठेवा. लाट मागे गेल्यावर ओली वाळू क्षणभर आरसा होते. ट्रायपॉड खाली घ्या, पाय वाळूत चांगले रोवा (नाहीतर लाटेसरशी खचतात), लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास येईल असं ॲपर्चर निवडा. परतणाऱ्या पाण्याच्या रेघा उमटतात. पुढे उजेड वाढला की हे शटर जमत नाही, म्हणून सूर्योदयाच्या ४० मिनिटं आधी तिथे असायला हवं. रंगही बहुतेक वेळा सूर्याच्या आधीच येऊन जातात.

एक गंमत कुणी सांगत नाही. इथे रात्रभर एसीत ठेवलेला कॅमेरा पहाटे बाहेर काढला की लेन्सवर धुकं धरतं, आणि पुसलं तरी पुन्हा धरतं. माझा एक सबंध सूर्योदय त्यात गेला. झोपतानाच बॅग एसी नसलेल्या खोलीत ठेवा. घरी आल्यावर किंचित ओल्या फडक्याने कॅमेऱ्यावरचं खारं पुसा. आणि सूर्य वर आला की व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काम करा.

सूर्य पुरता वर आला की बाकीचे मोबाइल खिशात टाकून निघतात. तुम्ही तेव्हा पाठ फिरवा, अर्थात लाटांपासून दूर येऊन. मरीनाच्या दक्षिण टोकाला, दीपगृहाजवळ नोच्चिकुप्पम ही कोळ्यांची वस्ती आहे. तिथल्या रंगीत फायबरच्या होड्यांवर, जाळी सोडवणाऱ्या हातांवर जे तिरपं ऊन पडतं, त्यापुढे माझे सगळे गोळे फिके. आधी ‘फोटो एडुक्कलामा?’ म्हणून विचारा.

आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा पौर्णिमेच्या आसपासची पहाट गाठा. रत्नागिरीत सूर्य समुद्रातून येत नाही खरा, पण त्या वेळी चंद्र समुद्रात उतरत असतो आणि आकाश निरभ्र असलं तर पश्चिमेला पाण्यावर गुलाबी पट्टा दिसतो. तिथे ५५ मिलिमीटर चालेल.