थर्मल कॅमेऱ्यात ओळ लाल दिसली म्हणून पाणी वाढवावे का?

प्रश्न : मोबाईलला जोडायचा छोटा थर्मल कॅमेरा घेतला आहे. द्राक्षबागेतल्या काही ओळी लाल दिसतात, काही निळ्या. लाल ओळींना पाणी वाढवू का? (द्राक्ष बागायतदार, ता. निफाड)

उत्तर : नुसत्या रंगावरून ड्रिपचा व्हॉल्व्ह फिरवू नका. या कॅमेऱ्यातला सेन्सर नखाएवढा असतो आणि चित्राची बरीचशी प्रक्रिया त्याच्या आतच उरकते. मध्येच ‘टक’ आवाज होऊन चित्र क्षणभर थबकते ना, तेव्हा तो आतली झडप मिटून ठिपक्याठिपक्यातला फरक दुरुस्त करत असतो. तो बिघाड नाही. खरी फसगत रंगांत आहे. समोरचे सर्वांत थंड ते सर्वांत गरम, एवढ्यातच सगळे रंग ताणून बसवले जातात. फरक दीड अंशाचा असला तरी ओळ लालभडक दिसणार. म्हणून अंश वाचा, आणि तेही तुलनेपुरतेच. लेप्टन ३.५ सारख्या १६० बाय १२० ठिपक्यांच्या सेन्सरलाही ५ अंशांपर्यंतची चूक धरलेली असते.

पाणी कमी पडले की पर्णरंध्रे (पानावरची बारीक छिद्रे) मिटतात, बाष्पोत्सर्जन म्हणजे पानातून वाफ बाहेर पडणे घटते आणि पान तापते. हे पकडायचे तर एका ओळीला आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. दुसऱ्या दिवशी निरभ्र उन्हात, १२ ते २ च्या दरम्यान, वारा पडलेला असताना ती ओळ आणि शंकेची ओळ पाठोपाठ मोजा. अंतर तेच, पाने उन्हातलीच. मांडवाखालून कॅमेरा वर धरू नका. फटींतून आकाश दिसते आणि ते फार थंड भरते. ३२ बाय २४ ठिपक्यांचा स्वस्त सेन्सर असेल तर मीटरभर जवळ जा. ५५ अंशांच्या कोनात पाहणाऱ्या भिंगातून तीन मीटरवर एक ठिपका सुमारे १० सेंटीमीटरचा होतो, त्यात पान, काडी, माती सगळे मिसळते. ऑक्टोबर छाटणीनंतर पानोळा (वेलीवरची पाने) भरेपर्यंत तर हा उद्योग करूच नका.

सलग दोन-तीन दुपारी शंकेची ओळ दोन-तीन अंशांनी गरम भरली, तर आधी मुळाशी माती उकरून ओल पाहा. माती कोरडी असेल तर ड्रिपर तपासा, तुंबलेला सापडण्याची शक्यता बरीच. ओल असूनही पान तापत असेल तर पाणी वाढवून उपयोग नाही. सूत्रकृमी (मुळांतल्या बारीक अळ्या) किंवा खोडकिडा शोधा.

प्रश्न : याच कॅमेऱ्याने कांदाचाळीतला सडका कांदा सापडेल का?

उत्तर : ढिगाच्या पोटातला नाही. कॅमेऱ्याला फक्त वरच्या थराची उष्णता दिसते. तिथे लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसा. वास मात्र बहुतेक वेळा त्याच्याही आधी सांगतो.