‘वर्ल्ड ट्रेड सेंटर’ (२००६) या सिनेमातलं खरं किती, आणि आई-बाबांसोबत बसून बघण्यासारखा आहे का?

तुम्ही विचारलंय की न्यूयॉर्कच्या त्या हल्ल्यावरचा ऑलिव्हर स्टोनचा हा सिनेमा कितपत खरा आहे आणि घरच्या वयस्कर माणसांना घेऊन बसलं तर ती कंटाळतील का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच घरात आहे म्हणून लिहितोय, नाहीतर सिनेमांवर बोलणं हा काही आपला प्रांत नाही.

माझे बाबा फायर ब्रिगेडमधून तांडेल, म्हणजे जवानांच्या एका तुकडीचा म्होरक्या, म्हणून रिटायर झाले. लहानपण आमचं क्वार्टर्समध्ये गेलं. असा माणूस आगीचा नाहीतर बिल्डिंग पडण्याचा सिनेमा बघायला बसला की शेजारी बसणाऱ्याचे हाल असतात. "अरे होज असा धरला तर दात पडतील त्याचे." "आगीत एवढं लख्ख दिसतं होय? धूर कुठाय?" एकदा तर हिरो पेटत्या घरात हेल्मेट काढून डायलॉग मारायला लागला तेव्हा उठून सरळ भाजी आणायला गेले. तर गेल्या पावसाळ्यात एका रविवारी हा सिनेमा लावला, म्हटलं बघू कुठं उठतात. उठले नाहीत. मध्ये एकदा रिमोट मागून घेतला आणि पॉज केला, ते सांगतो पुढं.

आधी गोष्ट, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ११ सप्टेंबर २००१, अतिरेक्यांनी पळवलेली दोन विमानं वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दोन टॉवरांवर आदळवली. पोर्ट अथॉरिटी म्हणजे ज्यांच्या मालकीचे ते टॉवर होते ती संस्था, तिचं स्वतःचं पोलीस खातं आहे. त्यातला सार्जंट जॉन मॅक्लॉक्लिन, एकवीस वर्षं नोकरी झालेला, १९९३ च्या बॉम्बस्फोटाच्या वेळीही तिथं काम केलेला, आणि विल हिमेनो, त्याच वर्षी जानेवारीत ट्रेनिंग संपवून आलेला नवखा. हे लोक बसस्टँडवर ड्युटीला होते, एक सिटी बस ताब्यात घेऊन तिकडं गेले. ऑक्सिजनच्या टाक्या आणि सामान एका गाड्यावर ढकलत दोन टॉवरांच्या मधल्या तळमजल्यातून चालले होते आणि ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिणेकडचा टॉवर खाली आला. मॅक्लॉक्लिन ओरडला, लिफ्टच्या शाफ्टकडं पळा. पाच जण होते. दोघं जागच्या जागी गेले. तिसरा, डॉमिनिक पेझुलो, सुटला होता, निघून जाऊ शकला असता, पण हिमेनोला ओढून काढत बसला, आणि १०:२८ ला दुसरा टॉवर पडला त्यात गेला. उरले दोघं, ढिगाऱ्याखाली सुमारे वीस फूट, एकमेकांना दिसत नाहीत, फक्त आवाज येतो. हिमेनोला बाहेर काढलं रात्री ११ च्या सुमारास म्हणजे १३ तासांनी, मॅक्लॉक्लिनला दुसऱ्या दिवशी सकाळी, २२ तासांनी.

म्हणजे वाचवायला गेलेले एकालाही न वाचवता स्वतःच अडकले आणि पुढचा सगळा सिनेमा ते पडून आहेत. निकोलस केज (मॅक्लॉक्लिन) आणि मायकल पेन्या (हिमेनो) दोघांचे फक्त धुळीने माखलेले चेहरे दिसतात, तेही अर्धेच. विमान धडकताना दाखवलेलंच नाही, एका इमारतीवरून सावली सरकते तेवढंच. ज्यांना ॲक्शन हवीय त्यांनी सोडून द्या, खरंच. स्टोन म्हणजे ‘जेएफके’ वाला, केनेडींच्या खुनामागं कट होता असं सांगणारा सिनेमा काढलेला, त्यामुळं रिलीजच्या वेळी लोकांना वाटलेलं काहीतरी कटबिट काढणार, पण त्यानं राजकारणाला हातही लावला नाही.

आता पॉजचं. खाली अडकलेले दोघं काहीही बोलत असतात. घरचं, किचनच्या अर्धवट राहिलेल्या कामाचं, सत्तरच्या दशकातल्या एका पोलिसी टीव्ही मालिकेचं. बोलायचं थांबलं की दुसरा हाक मारतो, झोपू नको म्हणतो. तिथं बाबांनी थांबवलं आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. कोणीतरी माहीतगार बसलाय यांच्यात." मग मला एक गोष्ट सांगितली जी मी सातवीत असताना घडलेली आणि मला फक्त एवढीच माहीत होती की बाबा त्या दिवशी रात्री उशिरा आले, मातीनं भरलेले.

पेठेतला एक वाडा पडला होता. पुण्यात जुलैत हे ठरलेलंच, लाकडी खांब आणि मातीच्या भिंती, आठ दिवस पाऊस लागला की भिंत पाणी पिते आणि मग एक दिवस खाली बसते. जिन्याखालच्या कोपऱ्यात एक आजी अडकलेल्या. जिन्यानं वरचं तुळईचं ओझं तोलून धरलेलं म्हणून जिवंत, पण पाय दाबलेला. मशीन लावलं असतं तर तेही बसलं असतं, त्यामुळं घमेल्यानं माती काढायची, हातानं. चार तास लागले. बाबांचं काम काय, तर पालथं पडून फटीतून आजींशी बोलायचं. पहिला तास नाव, गाव, मुलं किती यात गेला. नंतर आजी हूं हूं करायला लागल्या, मग तेही मंदावलं. तेव्हा बाबांनी विचारलं, "आजी, पुरणात गूळ आधी घालायचा ना, डाळ शिजायच्या आधी?" आतून आवाज आला, "कोण रे तू मेल्या, तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का?" आणि पुढचा दीड तास त्या बाईनं बाबांना पुरण, कटाची आमटी, साखरभात सगळं शिकवलं, आणि बाबा मुद्दाम प्रत्येक गोष्ट चुकीची विचारत राहिले. मला म्हणाले, "रागावलेला माणूस झोपत नाही."

हे ऐकल्यावर मी सिनेमा परत सुरू केला तेव्हा मला तो वेगळाच दिसायला लागला. आधी मला वाटत होतं हे दोघं टाइमपास बोलतायत, डायलॉग कच्चे आहेत. ते कच्चेच असायला पाहिजेत.

खरं किती याबद्दल. खाली जे घडतं ते बऱ्यापैकी खरं, कारण तिथं होते ते दोघं जिवंत आहेत आणि त्यांनी व त्यांच्या बायकांनी स्वतः बसून सगळं सांगितलंय. आगीचे गोळे खाली पडतात आणि मेलेल्या सहकाऱ्याचं पिस्तूल उष्णतेनं आपोआप उडायला लागतं हे मला शंभर टक्के फिल्मी वाटलेलं, तर ते घडलेलं आहे. हिमेनोची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर, नावावरून दोघांचा वाद चाललेला, तेही खरं, मुलीचं नाव ऑलिव्हिया ठेवलं.

चुकलंय ते वरचं. ज्या दोन माजी मरीन सैनिकांनी रात्री ढिगाऱ्यावर चढून यांचा आवाज ऐकला त्यातला एक डेव्ह कार्न्स, अकाउंटंट, कनेटिकटमधल्या ऑफिसातून उठला, केस कापून घेतले, जुना युनिफॉर्म चढवला आणि गाडी हाणत आला. दुसऱ्याचं तेव्हा कोणाला नीट काही माहीत नव्हतं. सिनेमात गोरा नट घेतला, आणि तो खरा माणूस, जेसन थॉमस, कृष्णवर्णीय निघाला. सिनेमा आल्यावर कळलं. ही मला खरंच मोठी चूक वाटते, कारण शोधायला वेळ होता, पाच वर्षं. शिवाय गेलेल्यांपैकी दोघांच्या बायकांनी सिनेमाबद्दल उघड नाराजी दाखवलेली. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही आवडलं नसतं, वाचलेल्यांची गोष्ट सांगताना गेलेला माणूस दहा मिनिटांत संपतो.

कार्न्सवरून बाबांचं वेगळंच चाललेलं. त्या संध्याकाळी ५:२० ला शेजारची सात नंबरची बिल्डिंग पण पडली, जागा धोक्याची म्हणून लोकांना मागं घेतलेलं, आणि हे दोघं अंधारात परस्पर वर चढतात. बाबा म्हणाले माझ्या साइटवर असा कोणी चढला असता तर कॉलर धरून खाली आणला असता. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि मग खालचे ते दोघं मेले असते." आणि परत गप्प. नियम मोडणारा बरोबर ठरला हे त्यांना पचत नव्हतं, अजून पचलेलं नाही, परवा जेवताना परत विषय काढला.

एक गोष्ट सिनेमात पटकन निघून जाते ती सांगतो, नाहीतर शेवटचा भाग उगाच लांबवलाय असं वाटेल. माणूस सापडला की ओढून काढायचं असं नसतं. तासन्‌तास दाबल्या गेलेल्या स्नायूंत घाण साठते, पोटॅशियम वगैरे, आणि ओझं काढलं की ते सगळं एकदम रक्तात येतं, हृदय बंद पडू शकतं, किडन्या जातात. म्हणून आधी सलाइन, मग ओझं. शिवाय जागा एवढी अरुंद की एका वेळी एक-दोघंच आत सरपटत जाणार. हिमेनोला सापडल्यावर काढायला तीनेक तास आणि मॅक्लॉक्लिनला त्यानंतर अजून आठ तास गेले. मॅक्लॉक्लिन पुढं सहा आठवडे औषधांनी बेशुद्ध ठेवलेला होता आणि पंचवीसहून जास्त ऑपरेशनं झाली.

आणि ते दोघं किती अपवाद होते हे सिनेमा शेवटी पाटीवर सांगतो. एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यातून जिवंत निघालेले एकूण २०, हे दोघं १८ वे आणि १९ वे. शेवटची एक बाई, २७ तासांनी. तिथं एकूण २७५३ माणसं गेली, त्यात ३४३ फायर ब्रिगेडची, ३७ यांच्याच पोर्ट अथॉरिटीच्या पोलीस खात्यातली. ३४३ हा आकडा आला तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला, बोलले काही नाहीत.

मी त्यांना विचारलं, आपल्या माळीणला, डोंगर खचून गाव गाडलं गेलं तिथं, एवढी फौज होती, तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याहून एनडीआरएफ म्हणजे केंद्राचं आपत्तीत मदत करणारं दल आलेलं, मग जिवंत माणसं का नाही निघाली फारशी? ३० जुलै २०१४, १५१ माणसं गेली तिथं. म्हणाले स्लॅब पडतो तेव्हा तिरका अडकतो, खाली पोकळी राहते, पोकळीत हवा राहते. म्हणून महाडला २०२० मध्ये पाच मजली बिल्डिंग पडली तेव्हा चार वर्षांचं पोरगं १९ तासांनी हसत बाहेर आलं. डोंगराची माती तशी नाही, ती भरते, नाकातोंडापर्यंत भरते. तरी माळीणला एक आई आणि तिचं तान्हं बाळ निघालंच की काही तासांनी, त्यामुळं शोधायचं थांबवायचं नसतं.

आता तुमचा आई-बाबांचा प्रश्न. अर्धा सिनेमा घरच्यांचा आहे, दोघांच्या बायका फोनची वाट बघतायत, समीक्षकांनी त्या भागाला नावं ठेवलेली आणि खरं सांगायचं तर मलाही तो थोडा गोडगोड वाटला, फ्लॅशबॅक जरा कमी चालले असते. पण आमची आई, जी तोपर्यंत शेंगा सोलत अर्धं लक्ष देऊन बसलेली, ती तिथंच सरसावून बसली. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "तो वाडा पडला ना, त्या दिवशी मी शेल्फवरचे सगळे डबे घासून काढले. डाळ-तांदूळ परातीत ओतून. संपले तर परत पहिल्यापासून." क्वार्टर्समध्ये फोन एकच, तोही खाली स्टेशनवर, आणि बायकांनी खाली जाऊन विचारायचं नाही असा अलिखित नियम.

बाबा म्हणाले, "हे मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

मग ते दोघं बोलत बसले, कुठल्या वर्दीला, म्हणजे मदतीच्या कॉलला, कोण कोण होतं, कोणाची बायको काय करायची, मी आपला चहा टाकायला उठलो. तेव्हा हो, बघा त्यांच्यासोबत. दोन तास नऊ-दहा मिनिटांचा आहे, सबटायटल लावा कारण ढिगाऱ्याखालचं निम्मं बोलणं पुटपुटल्यासारखं आहे, आणि खोलीतला लाइट बंद करा, मधले बरेच सीन एवढे काळोखे आहेत की दुपारी आमच्या हॉलमध्ये मला स्क्रीनवर फक्त माझंच तोंड दिसत होतं.