कॅल्शियम फ्लोराइडचा साका कागदातून निसटतो तेव्हा

तुम्ही लिहिलंय की कॅल्शियम फ्लोराइड बनवायला कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम फ्लोराइडची द्रावणं एकत्र केल्यावर दुधाळ पाणी झालं, ते गाळणकागदातून तसंच खाली उतरलं, म्हणून आता संगमरवरावर हायड्रोफ्लोरिक आम्ल घालून बघणार आहात. तो विचार आधी सोडा. सौम्य आम्ल अंगावर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही, पण ते त्वचेतून आत झिरपतं आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. तिथे हेच कॅल्शियम फ्लोराइड तयार होतं. माणसं यात दगावली आहेत.

तुमची मूळ कृती बरोबर आहे आणि रसायनंही ठीक असणार. अडचण कणांच्या आकाराची आहे. हा पदार्थ पाण्यात इतका कमी विरघळतो (लिटरला साधारण १६ मिलीग्रॅम) की द्रावणं भेटताक्षणी असंख्य सूक्ष्म कण एकदम जन्मतात आणि एकालाही वाढायला माल उरत नाही.

मी असं करतो. ४.२ ग्रॅम सोडियम फ्लोराइड २०० मिली पाण्यात विरघळवतो. १०० मिलीत ते जेमतेम विरघळतं, म्हणून पाणी जास्त. दोन पाण्याचे रेणू असलेलं कॅल्शियम क्लोराइड ८ ग्रॅम घेतो, म्हणजे कॅल्शियम किंचित जास्त राहतं. ते वेगळ्या २०० मिली पाण्यात घालून जवळजवळ उकळीला आणतो आणि ढवळत ढवळत त्यात फ्लोराइड थेंबाथेंबाने सोडतो. मग तासभर गरम ठेवून रात्रभर हात लावत नाही. बारीक कण विरघळतात, मोठ्यांवर जाऊन बसतात. सकाळी तळाशी पांढरा थर आणि वर निवळ पाणी दिसलं की अर्धं काम झालं. ते पाणी हलकेच निथळून काढायचं, नवीन घालायचं, पुन्हा बसू द्यायचं.

धुताना एक फसगत होते. दोन-तीन पाण्यांनंतर मीठ निघून जातं आणि नीट बसणारा साका पुन्हा दुधासारखा तरंगायला लागतो, कारण कणांना एकत्र धरणारे आयन उरत नाहीत. तिथे थांबायचं किंवा सेंट्रिफ्यूज वापरायचं. जुन्या विश्लेषकांची युक्ती मला फार आवडते: ते सोबत कॅल्शियम कार्बोनेटही पाडायचे, त्याच्या आधाराने सगळं गाळलं जायचं. मग तापवून, उरलेला चुना ॲसेटिक आम्लात विरघळवून काढायचा.

वाळवायला ११० अंश पुरेत. दमट हवेत लालबुंद तापवलंत तर थोडा चुना होतो आणि हायड्रोजन फ्लोराइड सुटतं. तसंच, सोडियम फ्लोराइडजवळ कुठलंही तीव्र आम्ल नको. सोडियम फ्लोराइड स्वतःही विषारी आहे, हातमोजे घालाच.

कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून पाणी पाणी होतं आणि कॅल्शियम फ्लोराइड विरघळतही नाही, असं का, हे विचारलंत. फ्लोराइड आयन लहान, कॅल्शियमवर दोन प्रभार. स्फटिकात प्रत्येक कॅल्शियमभोवती ८ फ्लोराइड, प्रत्येक फ्लोराइडभोवती ४ कॅल्शियम, सगळे घट्ट बिलगलेले. त्यांना सुटं करायला लागणारी ही जालक ऊर्जा पाण्याला फेडता येत नाही. वितळणबिंदूच बघा: क्लोराइडचा ७७२ अंश, फ्लोराइडचा १४१८. चांदीच्या बाबतीत मात्र नेमकं उलट, सिल्व्हर फ्लोराइड सहज विरघळतं आणि क्लोराइडचा साका पडतो. त्यामुळे ‘फ्लोराइडं अविद्राव्य’ असा सरसकट नियम पाठ करू नका.