पाचशे वर्षं रंग सुटत नाही तो का?

प्रश्न : पंचवटीत आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर मुलांनी अ‍ॅक्रिलिकने मोठं चित्र काढलं, एका पावसाळ्यात पोपडे सुटले. मग इटलीतली ती भिंतभर चित्रं इतकी कशी टिकली, आणि एवढी मोठी काढायचे तरी कशी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : इटलीतली ती भिंतीवरची चित्रं म्हणजे फ्रेस्को. खऱ्या फ्रेस्कोत रंग चिकटवायला गोंद नाही की अंडं नाही, नुसती पाण्यात कालवलेली पूड, ती ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर लावायची. गिलावा वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, त्याची पुन्हा चुनखडी होते आणि रंगाचे कण तिच्यातच अडकून बसतात. पोपडा सुटणार कुठून?

पण गिलावा सुकला की संपलं, म्हणून वरचा गुळगुळीत थर गवंडी रोज तेवढाच लावायचा जेवढा त्या दिवशी रंगवून होईल. संध्याकाळी उरलेला कोरा भाग कापून टाकायचा, उद्या त्याच कडेला जोडून नवा थर. आजही अगदी जवळून पाहिलं की हे सांधे दिसतात. मला तर त्या गवंड्याचं फार कौतुक वाटतं. काम वरून खाली, म्हणजे झालेल्या भागावर ओघळ नकोत.

चित्र आधी कागदावर पूर्ण मापात काढायचे. चित्रकार राफेलच्या ‘स्कूल ऑफ अथेन्स’ या फ्रेस्कोचा असा कागद मिलानमध्ये आहे, साधारण ८ मीटर रुंद! रेषांवर सुईने भोकं पाडायची, कागद ओल्या भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची, रांगोळीच्या छापासारखे ठिपके उमटतात. मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलचं छत १५०८ ते १५१२ मध्ये असंच रंगवलं, तेही झोपून नाही, परांचीवर उभं राहून मान वर करून, आणि सुरुवातीलाच गिलाव्यावर बुरशी धरली तेव्हा त्यालाही काम थांबवावं लागलं.

लिओनार्दोला ही घाई मानवणारी नव्हती, त्याने ‘लास्ट सपर’ कोरड्या भिंतीवर काढलं आणि थोड्याच वर्षांत रंग सुटायला लागला. आपल्या अजिंठ्यालाही रंग कोरड्या लेपावरच आहे.

तुमच्या वाड्यात मात्र आधी ओल कुठून येते ते शोधा, मोरीतून की छपरातून. आतून पाणी मुरलं की क्षार वर येतात, आणि त्यापुढे खरा फ्रेस्कोसुद्धा टिकत नाही, मग अ‍ॅक्रिलिकचा थर तर वरवरचाच.